चूक कोणाची, ते कोणी सांगायचे?

२०२४ च्या नोव्हेंबरचे शेवटचे दिवस वास्कोच्या खारीवाड्यातील लोक सहजासहजी विसरणार नाहीत. २१ नोव्हेंबरला गोव्याच्या किनाऱ्यापासून सुमारे ७० नाविक मैलांवर ‘मार्थोमा’ नावाची मासेमारी बोट आणि आपल्याच नौदलाची एक पाणबुडी यांची टक्कर झाली. बोटीवर तेरा जण होते. त्यांतल्या अकरा जणांना वाचवण्यात आले, दोघे सापडेनात. नौदलाची जहाजे आणि विमाने त्यांच्या शोधात होती. बोट खारीवाड्याची नव्हती आणि ते दोघेही इथल्या कोणाच्या नात्यातले नव्हते, तरी सकाळी कचेरीत जाताना मी जेटीपाशी थांबलो की बर्फाच्या लाद्या चढवणारे खलाशी, जाळी विणत बसलेले म्हातारे तांडेल, मासळीच्या टोपल्या घेऊन आलेल्या बायका, जो तो दुसऱ्याला एकच प्रश्न विचारत असे, “मेळ्ळे?”, म्हणजे सापडले का? चौकशी कधी होणार, नुकसानभरपाई किती मिळणार, दोष कोणाचा, हे सगळे त्यानंतरचे. काही दिवसांनी दोघांचेही मृतदेह मिळाले, आणि तो प्रश्न जेटीवरून नाहीसा झाला.

ही टक्कर एकाच देशाच्या बोटीची आणि पाणबुडीची होती. मला मात्र त्या आठवड्यात सतत आठवत होती ती २००१ सालची टक्कर, ज्यात पाणबुडी अमेरिकेची होती, जहाज जपानचे होते आणि दोन्ही देश एकमेकांचे जवळचे मित्र होते. गेली सत्तावीस वर्षे मी वास्कोमध्ये जहाज एजंटाच्या कचेरीत काम करतो. जहाजांची कागदपत्रे, खलाशांचे येणे-जाणे, बंदर आणि कस्टमची कामे यांतच माझा दिवस जातो. समुद्रावर माणसे दगावली की देशादेशांत काय होते, याविषयी मी बरेच वाचले आहे. पण त्या वाचनाच्या मुळाशी घरातली एक गोष्ट आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचे सांगता येणार नाही.

माझे मामा तारवटी होते. गोव्यात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही; परदेशी जहाजांवर नोकरी करणारे तारवटी इथल्या गावोगावी आहेत. मामा मालवाहू जहाजावर होते. १९८६ च्या पावसाळ्यात मुरगाव बंदरातून खनिज घेऊन जपानकडे निघालेल्या जहाजावरून, एका वादळी रात्री, डेकवर काम करताना ते समुद्रात पडले. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. दोन-अडीच महिन्यांनी कंपनीचे पत्र आले. घरात इंग्रजी वाचणारा मीच असल्यामुळे मामीने ते माझ्या हातात दिले. पत्र तीन-चार ओळींचे होते आणि त्याच्यासोबत एक चेक होता. ‘रिग्रेट’ या शब्दाचा अर्थ मला ठाऊक नव्हता, म्हणून शब्दकोश काढला. कोशात ‘खेद’ आणि ‘दिलगिरी’ असे दोन्ही अर्थ दिले होते. मी मामीला ‘त्यांना वाईट वाटले’ असे सांगितले. मामी थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “पयशे दिले, पूण चूक कोणाची तें कोणेंच सांगूंक ना.”

देह नव्हता, म्हणून भटजींनी पालाशविधी करायला सांगितले. दर्भ आणि पळसाची पाने यांचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला आणि माझ्या मामेभावाने त्या पुतळ्याला अग्नी दिला. पाने ओली होती, त्यामुळे धूरच फार झाला. मामी अंगणाच्या कडेला उभी राहून पाहत होती. पुतळा जळून गेल्यावरही ती बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिली, हे मला आजही स्पष्ट दिसते. त्यानंतर कितीतरी वर्षे संध्याकाळी फाटकाची कडी वाजली की तिची मान त्या बाजूला वळत असे.

जपानच्या एहिमे प्रांतातले उवाजिमा हे समुद्राकाठचे गाव आहे. तिथल्या मत्स्यव्यवसाय शिकवणाऱ्या शाळेच्या प्रशिक्षण जहाजाचे नाव ‘एहिमे मारू’. ४९९ टनांचे हे जहाज मुलांना लांब दोरीच्या गळाने ट्यूना मासे पकडण्याचे काम शिकवण्यासाठी हवाईच्या बाजूला जात असे. ९ फेब्रुवारी २००१ रोजी ते होनोलुलूहून निघाले तेव्हा त्यावर ३५ जण होते. त्यांत तेरा विद्यार्थी, दोन शिक्षक आणि वीस कर्मचारी होते. त्याच दिवशी ‘ग्रीनव्हिल’ नावाची अमेरिकेची अणुपाणबुडी सोळा नागरिक पाहुण्यांना घेऊन समुद्रात गेली होती. पाणबुडी कशी चालते हे प्रतिष्ठित लोकांना दाखवण्याची अमेरिकी नौदलाची प्रथा होती. जेवण लांबले आणि वेळापत्रक मागे पडले. कमांडर स्कॉट वॉडल यांनी पाहुण्यांना आणीबाणीत पाणबुडी वर कशी आणतात त्याचे प्रात्यक्षिक दाखवायचे ठरवले. त्याआधी पेरिस्कोपमधून आजूबाजूचा समुद्र नीट न्याहाळणे आवश्यक असते. ते काम घाईत उरकले गेले. पाण्यातल्या आवाजावरून जहाजांचा माग काढणाऱ्या ‘सोनार’ यंत्रणेच्या नोंदींवरून एक जहाज जवळ येत आहे हे ज्या कर्मचाऱ्याच्या हिशेबात दिसत होते, त्याने ते वरिष्ठांना सांगितले नाही. नियंत्रण कक्षात पाहुण्यांची दाटी झाली होती. नंतर दोन पाहुण्यांना नियंत्रणांवर हात ठेवू देण्यात आला, आणि हजारो टनांची पाणबुडी समुद्र फोडून वर आली ती थेट एहिमे मारूच्या तळाखाली. पाणबुडीच्या सुकाणूने जहाजाचा तळ कापला. दहा मिनिटांच्या आत जहाज बुडाले. सव्वीस जण वाचले. सतरा वर्षांची चार मुले, दोन शिक्षक आणि तीन कर्मचारी, असे नऊ जण जहाजासोबत सुमारे सहाशे मीटर खोल गेले.

मला या घटनेतली सगळ्यात अस्वस्थ करणारी बाब टक्कर नव्हे, त्यानंतरचा तास वाटतो. पाणबुडी जवळच उभी होती, पण लाटा मोठ्या असल्यामुळे तिची झडप उघडून तराफ्यांवरच्या लोकांना वर घेता येत नव्हते, असे अमेरिकी नौदलाने सांगितले. शेवटी तटरक्षक दलाच्या बोटींनी त्यांना उचलले. एहिमे मारूचे कप्तान हिसाओ ओनिशी यांचे म्हणणे असे की पाणबुडीवर उभी असलेली माणसे आमच्याकडे नुसती पाहत होती. तांत्रिकदृष्ट्या नौदलाचे म्हणणे खरेही असेल. पण पाण्यात पडलेल्या माणसाला जे दिसते, तेच तो घरी जाऊन सांगतो, आणि तेच देशभर पसरते.

त्या वेळी जॉर्ज बुश यांना अध्यक्ष होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. १९६० च्या सुरक्षा करारानुसार अमेरिकी सैन्य जपानमध्ये तळ ठोकून होते, आणि ओकिनावातल्या तळांविषयी लोकांत आधीपासूनच रोष होता. ओकिनावातल्या स्थानिक अधिकाऱ्यांविषयी अपमानास्पद शब्द वापरणारे एका अमेरिकी सेनाधिकाऱ्याचे ई-मेल याच सुमारास बाहेर आले होते. म्हणजे दारूगोळा साठलेलाच होता. त्यातच जपानचे पंतप्रधान योशिरो मोरी यांना अपघाताची बातमी मिळाली तेव्हा ते गोल्फ खेळत होते, आणि बातमी कळल्यावरही त्यांनी खेळ लगेच थांबवला नाही. जनतेचा संताप अनावर झाला. मोरी यांची लोकप्रियता आधीच घसरली होती. एप्रिलमध्ये ते पायउतार झाले. त्यांच्या जाण्याला इतरही कारणे होती, पण लोकांच्या मनात गोल्फचे मैदान राहिले. बुडालेल्या मुलांच्या आईबापांना परक्या देशाच्या कप्तानाने दुखावले, तसे स्वतःच्या पंतप्रधानानेही दुखावले, ही गोष्ट या प्रकरणात फारशी बोलली जात नाही. मला ती महत्त्वाची वाटते. दोन देशांतला तंटा म्हणून आपण जे वाचतो, त्यात सरकारे दोन्हीकडची असतात आणि घरे एकाच बाजूची असतात.

अमेरिकेने माफी मागायला उशीर केला नाही. बुश यांनी दूरचित्रवाणीवरून माफी मागितली, राजदूत टॉमस फोली यांनी जपान सरकारकडे जाऊन माफी मागितली, परराष्ट्र खात्यानेही मागितली. तरी नातलगांचे समाधान झाले नाही, कारण त्यांना ती पाणबुडीच्या कप्तानाकडून हवी होती. वॉडल यांचे पहिले निवेदन वकिलामार्फत आले, आणि त्यात ‘मनःपूर्वक खेद’ होता. इथे मला १९८६ चे आमच्याकडचे पत्र दिसू लागते. खेद हा पावसाबद्दलही व्यक्त करता येतो. पाऊस आपण पाडलेला नसतो. माफी मागणारा ‘हे मी केले’ असे आधी म्हणतो, मगच पुढचे बोलतो. वकिलांना ही वाट बंद ठेवायची असते, कारण माफीचा शब्द उद्या न्यायालयात कबुली म्हणून वाचला जाईल याची त्यांना धास्ती असते. ती धास्ती अगदीच निराधार असते असे मी म्हणणार नाही. पण एका व्यक्तीला वाचवण्यासाठी निवडलेला शब्द संपूर्ण देशाच्या मैत्रीवर भार टाकतो, हे त्या वकिलाच्या कामाच्या कक्षेत येत नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस अमेरिकी नौदलाचे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी अॅडमिरल विल्यम फॅलन हे अध्यक्षांचे विशेष दूत म्हणून जपानला गेले. त्यांनी अध्यक्षांचे पत्र दिले, आणि मृतांच्या नातलगांपुढे कंबरेत वाकून क्षमा मागितली. जपानी माणूस वाकण्याचे कोन ओळखतो, असे तिकडच्या बंदरांत वर्षानुवर्षे जाणारे आमच्या कचेरीतले एक जुने सहकारी सांगत असत. मान हलवणे आणि कंबरेत वाकणे यांत तिथे फार अंतर आहे. त्यानंतर मार्चमध्ये हवाईत चौकशी सुरू झाली. चौकशी मंडळावर तीन अमेरिकी अॅडमिरल होते आणि त्यांच्या शेजारी जपानी नौदलाचा एक वरिष्ठ अधिकारी सल्लागार म्हणून बसला. त्याला मत देण्याचा अधिकार नव्हता, पण तो खोलीत होता, प्रश्न ऐकत होता, आणि नातलग मागच्या बाकांवर होते. आपल्या चुकीची चौकशी दुसऱ्या देशाच्या अधिकाऱ्यासमोर करणे ही कोणत्याही नौदलासाठी सोपी गोष्ट नाही. त्याच दिवसांत वॉडल यांनीही नातलगांची समोरासमोर माफी मागितली आणि शपथेवर साक्ष देताना जबाबदारी आपली असल्याचे सांगितले.

सगळे समाधानकारक झाले असे मात्र नाही. वॉडल यांच्यावर लष्करी खटला चालला नाही. ठपका ठेवून त्यांना निवृत्त होऊ देण्यात आले आणि निवृत्तिवेतनही मिळाले. नऊ जिवांच्या बदल्यात एवढेच का, हा नातलगांचा प्रश्न मला आजही रास्त वाटतो. डिसेंबर २००२ मध्ये वॉडल स्वतः उवाजिमाला गेले. तो प्रवास पुष्कळ आधी घडायला हवा होता.

पण ज्या एका गोष्टीमुळे दोन देशांमधली गाठ सुटली, ती माझ्या मते माफीच्याही पुढची होती. नातलगांनी पहिल्यापासून धरलेला हट्ट असा की जहाज वर काढा आणि आमची माणसे आम्हांला द्या. जपानमध्ये दहनानंतर घरची माणसे काड्यांनी अस्थी उचलून कलशात ठेवतात; अस्थी नसतील तर शेवटचे हे कामच उरत नाही. सहाशे मीटर खोलीवरून इतके जड जहाज उचलणे हे त्या वेळी कोणी केलेले काम नव्हते. अमेरिकी नौदलाने ते करायचे ठरवले. जहाज पूर्ण पाण्याबाहेर न आणता, तळापासून उचलून, पाण्याखालूनच किनाऱ्याजवळच्या सुमारे पस्तीस मीटर खोल जागी न्यायचे, जिथे पाणबुडे आत शिरू शकतील, अशी योजना झाली. मधेच ११ सप्टेंबरचे हल्ले झाले. त्या दिवसांनंतर अमेरिकेने हे काम गुंडाळले असते तर जगात कोणी फारसे बोलले नसते. पण काम चालू राहिले. ऑक्टोबरमध्ये जहाज उथळ पाण्यात आणले गेले. मृतांना कसे हाताळायचे याविषयी बौद्ध रूढींच्या जाणकारांचा सल्ला घेतला गेला. आधी अमेरिकी पाणबुडे उतरले आणि नंतर जपानी पाणबुडे. आठ देह मिळाले. या सगळ्याला सुमारे सहा कोटी डॉलर लागले. मग नोव्हेंबरच्या शेवटी जहाज पुन्हा खोल समुद्रात नेऊन सोडण्यात आले.

पुढच्या वर्षी एहिमे प्रांताला सुमारे एक कोटी पंधरा लाख डॉलर आणि बहुतेक कुटुंबांना मिळून एक कोटी एकोणचाळीस लाख डॉलर भरपाई देण्यात आली. पाणबुड्यांवरच्या पाहुण्यांनी नियंत्रणांना हात लावण्यावर बंदी आली. होनोलुलूच्या काकाआको उद्यानात समुद्राकडे तोंड करून स्मारक उभे राहिले, आणि त्यावर त्या जहाजाचा नांगर ठेवला आहे. सुरक्षा करार टिकला. उवाजिमाच्या शाळेने नवे जहाज बांधले आणि त्याचेही नाव एहिमे मारू ठेवले.

याच्या शेजारी ‘मावी मार्मारा’ या जहाजाची गोष्ट ठेवून पाहावी. तुर्कस्तान हा इस्रायलला मान्यता देणारा पहिला मुस्लिमबहुल देश. १९४९ मध्ये ही मान्यता दिली आणि १९९६ मध्ये दोघांत लष्करी सहकार्याचा करार झाला. ३१ मे २०१० च्या पहाटे गाझाकडे मदत घेऊन निघालेल्या ताफ्यातल्या या जहाजावर आंतरराष्ट्रीय समुद्रात इस्रायली कमांडो उतरले आणि झटापटीत नऊ जण मारले गेले. जबर जखमी झालेला दहावा माणूस चार वर्षे बेशुद्धीत राहून २०१४ मध्ये गेला. हल्ल्याच्या वर्षीची, म्हणजे २०१० च्या जानेवारीतली एक गोष्ट इथे सांगायला हवी. इस्रायलच्या उपपरराष्ट्रमंत्र्यांनी तुर्की राजदूताला बोलावून मुद्दाम बुटक्या सोफ्यावर बसवले आणि छायाचित्रकारांना ते दाखवले. तुर्कस्तानने डोळे वटारताच दोन-तीन दिवसांत माफीचे पत्र गेले. खुर्चीच्या उंचीबद्दलची माफी दोन-तीन दिवसांत, आणि नऊ मृत्यूंबद्दलची माफी दोन वर्षे दहा महिन्यांनी. मृत्यूंबद्दलच्या माफीला इतका वेळ लागला, कारण प्रत्येक बाजूला वाटत होते की आपण बोललो तर आपल्या सैनिकांना, किंवा आपल्या मृतांना, आपणच खोटे पाडू.

संयुक्त राष्ट्रांनी न्यूझीलंडचे माजी पंतप्रधान जेफ्री पामर यांची समिती नेमली. सप्टेंबर २०११ मधल्या तिच्या अहवालाने गाझाची सागरी नाकेबंदी कायदेशीर ठरवली आणि त्याच वेळी जहाजावर वापरलेले बळ प्रमाणाबाहेरचे होते असेही म्हटले. अहवालाने दोघांनाही अर्धे-अर्धे दिले, आणि अर्ध्यावर कोणाचेच भागले नाही. तुर्कस्तानने इस्रायली राजदूताला घालवले, संबंध दुय्यम सचिवाच्या पातळीवर आणले, लष्करी करार थांबवले. व्यापार मात्र या काळात चालू होता, किंबहुना वाढला. मार्च २०१३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष ओबामा इस्रायलहून निघताना विमानतळावरच्या एका तात्पुरत्या खोलीतून इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहू यांनी तुर्कस्तानचे तेव्हाचे पंतप्रधान एर्दोआन यांना फोन केला आणि जीवितहानीला कारण ठरल्या असतील अशा चुकांबद्दल माफी मागितली. ‘ठरल्या असतील’ या शब्दांकडे पाहावे. त्यांत माफी आहे आणि परत जाण्याची वाटही आहे. त्यानंतरही करार व्हायला २०१६ उजाडले. इस्रायलने दोन कोटी डॉलर द्यायचे आणि तुर्कस्तानातले खटले मागे घ्यायचे, असे ठरले. काही नातलगांनी तो करार नाकारला, आणि मला त्यांना दोष देता येत नाही. राजदूत आले, २०१८ मध्ये पुन्हा गेले, २०२२ मध्ये पुन्हा संबंध जुळले, २०२३ च्या युद्धानंतर पुन्हा तुटले. मूळ कारण गाझाचे असल्यामुळे नुसत्या माफीने हे मिटले असते असे मी म्हणत नाही. पण ती पहिल्या महिन्यात, पहिल्या आठवड्यात गेली असती, तर ती फोनवर मध्यस्थाच्या हजेरीत मागावी लागली नसती.

ज्या दिवशी तो फोन झाला, त्याच दिवशी, म्हणजे २२ मार्च २०१३ रोजी, दिल्लीत एक विमान उतरले. त्यात दोन इटालियन नौसैनिक होते. केरळच्या किनाऱ्यापासून वीस-एकवीस नाविक मैलांवर १५ फेब्रुवारी २०१२ रोजी ‘एन्रिका लेक्सी’ या तेलवाहू जहाजावरून झालेल्या गोळीबारात ‘सेंट अँटनी’ या बोटीवरचे दोन मच्छीमार मारले गेले होते. जहाजावरच्या पहारेकऱ्यांना ते चाचे वाटले, असे इटलीचे म्हणणे होते. इटली आणि भारत हे औपचारिक अर्थाने लष्करी मित्र नव्हेत, पण वैरीही कधी नव्हते. पकडलेल्या दोघा नौसैनिकांना इटलीतल्या निवडणुकीत मतदान करण्यासाठी चार आठवडे घरी जाऊ द्यावे, ते परत येतील, अशी हमी इटलीच्या राजदूतांनी आपल्या सर्वोच्च न्यायालयाला दिली. मग ११ मार्चला इटलीने सांगितले की ते येणार नाहीत. न्यायालयाने राजदूतांना देश सोडण्यास मनाई केली; राजनैतिक संरक्षणाच्या नियमांच्या दृष्टीने हे फार कठोर पाऊल होते आणि त्यावर युरोपात बरीच ओरड झाली. शेवटी दोघे परत आले आणि त्यांना पाठवण्याच्या निर्णयाविरोधात इटलीच्या परराष्ट्रमंत्र्यांनी चार दिवसांनी राजीनामा दिला.

त्या काळात आमच्या कचेरीत रोज यावर वाद व्हायचे. माझे काही सहकारी म्हणत की हा सार्वभौमत्वाचा प्रश्न आहे. होता खरा. हद्द कोणाची, ध्वज कोणाचा, खटला कोणत्या न्यायालयात, यावर नऊ वर्षे गेली. २०१५ मध्ये प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेले. २०२० च्या निवाड्यात नौसैनिकांवर भारतात खटला चालवता येणार नाही, पण इटलीने भारताच्या नौकानयनाच्या स्वातंत्र्याचा भंग केला आणि भरपाई द्यावी, असे ठरले. दहा कोटी रुपये आले, त्यांतले चार-चार कोटी दोन्ही कुटुंबांना आणि दोन कोटी बोटीच्या मालकाला. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इथला खटला बंद केला. पुढे इटलीतही तो बंद झाला. म्हणजे गोळी झाडताना काय चूक झाली आणि ती कोणाची, याचा निकाल कोणत्याही देशाच्या फौजदारी न्यायालयाने दिला नाही. दोन्ही परराष्ट्र खाती मोकळी झाली, संबंध सुधारले, भेटीगाठी सुरू झाल्या. मला राहून राहून वाटते की त्या दोन घरांत कोणीतरी मामीने उच्चारलेलेच वाक्य त्यांच्या भाषेत उच्चारले असेल.

मुत्सद्देगिरी करणारे लोक निर्दय असतात असे मला म्हणायचे नाही. त्यांच्यापुढे तळ असतात, करार असतात, उद्याची निवडणूक असते, आणि मैत्री तुटली तर आणखी कोणाचे प्राण जातील हा हिशेबही असतो. पण त्या मैत्रीच्या नावानेच दुखावलेल्या घराला गप्प बसायला सांगितले जाते, ही गोष्ट मला मान्य नाही. मित्रदेशाकडून जास्त अपेक्षा असते, कमी नव्हे. उवाजिमाच्या आईबापांनी जहाज वर काढण्याचा हट्ट सोडला नाही, आणि जपान सरकारनेही त्यांना ‘आता पुरे’ असे म्हटले नाही. त्या हट्टामुळेच अमेरिकेला आपले शब्द पाण्याखाली सहाशे मीटर जाऊन खरे करून दाखवावे लागले.

२००१ च्या नोव्हेंबरमध्ये मी मामीकडे गेलो होतो, तेव्हा वर्तमानपत्रातली ती बातमी तिला वाचून दाखवली. जहाज वर काढले, आठ जण मिळाले. ती तांदूळ निवडत होती. तिने हात थांबवले नाहीत, पण विचारले, “आनी णववो?” नववा त्या शाळेतलाच, सतरा वर्षांचा एक विद्यार्थी होता आणि तो मिळाला नाही, असे मी सांगितले. त्याला आई आहे का, असे तिने विचारले. असेल, मी म्हणालो. तिने सूप उचलले आणि ती आत गेली.

पुढच्या वर्षी सर्वपित्री अमावास्येला मामेभाऊ श्राद्धाला बसला असता तिने भटजींना एक धर्मपिंड जास्त ठेवायला सांगितले. भटजींनी नाव आणि गोत्र विचारले. दोन्ही माहीत नाही असे कळल्यावर त्यांनी नाव सोडले, गोत्राच्या जागी काश्यप म्हटले आणि पुढचा मंत्र सुरू केला.